मिनिटभराची पकड

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात लिंकन शहराच्या विमानतळाला लागून काँक्रीटचं एक अफाट मैदान आहे. कधीकाळी तिथे हवाई दलाचा तळ होता. आता सप्टेंबरच्या सुरुवातीला त्या मैदानावर नारिंगी शंकू मांडून वळणावळणाचे दोन मार्ग आखतात आणि देशभरातून हजारावर हौशी चालक आपापल्या गाड्या घेऊन येतात. कुणी त्यासाठी दोन दिवस गाडी हाकत येतं. प्रत्येकाला रोज एका मार्गावर तीन, अशा दोन दिवसांत सहा फेऱ्या मिळतात. दोन्ही मार्गांवरच्या सर्वांत चांगल्या वेळा घ्यायच्या, त्यांची बेरीज करायची, आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो आपल्या वर्गाचा विजेता. एक फेरी साधारण एका मिनिटाची. वर्षभराची तयारी आणि एवढा प्रवास, पण प्रत्यक्ष स्पर्धा सहा मिनिटांची.

हा खेळ म्हणजे ऑटोक्रॉस. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका ही संस्था १९४४ साली स्थापन झाली, तिने १९७३ मध्ये या खेळाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा घेतली, आणि २००९ पासून ती स्पर्धा लिंकनला भरते. पण खेळाचा खरा संसार गावोगावच्या रिकाम्या पार्किंगमध्ये आणि वापरात नसलेल्या धावपट्ट्यांवर रविवारी सकाळी चालतो. एका वेळी एकच गाडी मार्गावर सोडतात, त्यामुळे गाडीला गाडी घासण्याचा प्रश्न येत नाही. लढत घड्याळाशी असते. शंकू पडला की दोन सेकंद दंड, मार्ग चुकला की फेरी बाद. बहुतेक गाड्या पहिला गिअर निघताना वापरतात आणि उरलेली फेरी दुसऱ्यातच काढतात. वेग ताशी १०० किलोमीटरच्या फारसा वर जात नाही. त्यामुळे घरची, रोज कचेरीला नेण्याची गाडीही इथे चालते, आणि मोटारींचा एवढा स्वस्त आणि एवढा सुरक्षित खेळ दुसरा नाही असं माझं मत आहे.

या खेळात वेळ कमी करण्याचा सर्वांत मोठा एकच मार्ग आहे, तो म्हणजे टायर. इंजिनाची ताकद वाढवणाऱ्याला इथे फारसं हाती लागत नाही, कारण सरळ रस्ता असतोच कुठे? गाडी सतत वळत असते, ब्रेक लावत असते किंवा वळणातून बाहेर पडत असते. हे सगळं जमिनीला टेकलेल्या रबराच्या चार तुकड्यांवर चालतं. एका चाकावर ३०० किलो भार असेल आणि आत ३२ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड, हे दाबाचं माप) हवा असेल, तर तो तुकडा जेमतेम १३० चौरस सेंटिमीटरचा भरतो. त्याच गाडीवर, त्याच चालकाने साधे बारमाही टायर काढून या खेळासाठी बनवलेले टायर चढवले, तर मिनिटाच्या फेरीत दोन-तीन सेकंद सहज कमी होतात. वरच्या पातळीवर निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागात लागतो, तेव्हा दोन सेकंद म्हणजे केवढं अंतर हे लक्षात येईल.

टोयोटाने २०१२ मध्ये बाजारात आणलेली ८६ ही छोटी स्पोर्ट्स कार याचं चांगलं उदाहरण आहे. तिच्याबरोबर मिशेलिनचे प्रायमसी एचपी टायर येत. हेच टायर टोयोटाच्या प्रियस या इंधन वाचवणाऱ्या गाडीलाही काही बाजारपेठांत दिले जात. कंपनीने ते जाणून केलं होतं. सामान्य चालकाला कमी वेगातही गाडी वळणात सरकवण्याचा आनंद मिळावा, म्हणून पकड मुद्दाम बेताची ठेवली होती. रस्त्यावरच्या मौजेसाठी हा निर्णय चांगलाच होता. पण ही गाडी ऑटोक्रॉसला नेणारा माणूस सगळ्यात आधी टायरच बदलतो.

कोणते टायर घ्यावेत हे कळायला रबर जमिनीला कसं धरून ठेवतं ते थोडं समजून घ्यावं लागतं. रबराची पकड दोन प्रकारांनी तयार होते. एक, रबराचे रेणू पृष्ठभागाला क्षणभर चिकटतात आणि सुटतात. दोन, मऊ रबर काँक्रीटच्या बारीक खाचखळग्यांत दबून शिरतं आणि तिथून बाहेर ओढताना विरोध करतं. दोन्ही गोष्टी रबराच्या तापमानावर अवलंबून आहेत. रबराचं वागणं गुळासारखं आहे. थंडीत तो दगडासारखा कडक असतो, उबेला आला की चिकटतो, आणि फार तापला की पाघळून धरच सोडतो. प्रत्येक टायरच्या रबराची ही ऊब वेगळी. सर्किटवरच्या शर्यतीच्या अनेक टायरांना ८० ते १०० अंश सेल्सिअस तापमान लागतं, आणि ते गाठायला एक-दोन चकरा मारायला मिळतात. ऑटोक्रॉसमध्ये गाडी रांगेत उभी असते, हिरवा झेंडा पडतो आणि तीन-चार सेकंदांत पहिलं वळण येतं. टायर तापेतो फेरी संपलेली असते.

त्यामुळे सर्किटवर अजिंक्य ठरलेला टायर इथे मागे पडू शकतो. अमेरिकेतल्या हूझियर कंपनीने तर यासाठी दोन वेगळे टायर ठेवले आहेत. ए७ हा लवकर तापणारा, छोट्या स्पर्धांसाठी, आणि आर७ हा उशिरा तापून दीर्घकाळ टिकणारा, सर्किटसाठी. बाहेरून दोन्ही जवळपास सारखेच दिसतात. ऑटोक्रॉसवाल्याने आर७ घेतला, तर पैसे तेवढेच जातील आणि पहिली वळणं थंड रबरावर काढावी लागतील.

पण हूझियरसारखे जवळजवळ नक्षी नसलेले टायर वरच्या, फेरफार केलेल्या गाड्यांच्या वर्गांत चालतात. बहुसंख्य हौशी लोक ‘स्ट्रीट’ वर्गात उतरतात, आणि तिथला नियम सांगतो की टायरवरचा ट्रेडवेअर आकडा किमान २०० हवा. हा आकडा टायरच्या बाजूच्या भिंतीवर छापलेला असतो. आपल्याकडे मिळणाऱ्या अनेक टायरांवरही तो सापडेल. घरच्या गाडीवर ३०० ते ५०० असे आकडे सर्रास दिसतात. अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या पद्धतीनुसार टेक्सासमधल्या सॅन अँजेलो शहराभोवतीच्या सुमारे ६४० किलोमीटरच्या सार्वजनिक रस्त्यांवर गाड्यांचा ताफा साधारण ११,५०० किलोमीटर चालवतात आणि टायरची झीज एका प्रमाण टायरशी ताडून पाहतात. प्रमाण टायरचा आकडा १००. त्याच्या दुप्पट टिकेल असा अंदाज निघाला, तर २००. हा अंतिम आकडा टायर कंपनी स्वतःच छापते, आणि प्रत्यक्ष चाचणीपेक्षा कमी छापायला तिला मुभा असते. म्हणून एका कंपनीचा २०० आणि दुसऱ्या कंपनीचा २०० यांची थेट तुलना करता येत नाही.

मग झालं असं, की नियमाने २०० ची रेघ ओढली आणि टायर कंपन्यांनी नेमके त्या रेघेवर उभे राहणारे टायर बनवायला घेतले. योकोहामाचा अ‍ॅडव्हान ए०५२, ब्रिजस्टोनचा पोटेंझा आरई-७१आरएस, फॅल्कनचा अझेनिस आरटी६६०, हँकूकचा व्हेंटस आरएस४ ही नावं ऑटोक्रॉसच्या मैदानावर नेहमी कानावर पडतात. रस्त्यावर कायदेशीर, पावसातही चालतील एवढी नक्षी, आणि तरीही काही वर्षांपूर्वीच्या शर्यतीच्या टायरांशी बरोबरी करणारी पकड, अशी यांची जात. त्यांच्यातला फरक मुख्यतः तापमानाचा आहे. ए०५२ थंडीतही लगेच पकड देतो, पण लागोपाठ फेऱ्या झाल्या की लवकर तापून ढिला पडतो. आरएस४ सुरुवातीला काहीसा अलिप्त वाटतो, मात्र तो जास्त टिकतो आणि उष्णता सोसतो. म्हणून सर्किटवर दिवसभर चकरा मारणाऱ्यांना तो अधिक आवडतो. एकट्याने, हलक्या गाडीत, गार हवेत फेऱ्या मारणाऱ्याने पहिल्या जातीचा टायर घ्यावा. जड गाडीवाल्याने किंवा भर उन्हाळ्यात डांबरावर धावणाऱ्याने तापमान सोसणाऱ्या टायराकडे वळावं. सर्वांत चांगला टायर कोणता, असा प्रश्न विचारण्यापेक्षा आपली गाडी किती जड, मैदान कसलं आणि दोन फेऱ्यांमध्ये वेळ किती, हे आधी सांगावं. उत्तर त्यातूनच निघतं.

आता माप. समजा टायरवर २०५/५० आर १६ ८७ व्ही असं लिहिलं आहे. रुंदी २०५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ५० टक्के, आर म्हणजे रेडियल, रिम १६ इंची. ८७ म्हणजे टायर ५४५ किलो भार पेलेल आणि व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटर वेगापर्यंत चालेल. याच रिमवर २०५/४५ चढवला, तर चाकाचा व्यास सुमारे ६११ मिलिमीटरवरून ५९१ वर येतो, म्हणजे तीन टक्क्यांहून थोडा जास्त घटतो. गाडी व्यासातल्या घटीच्या निम्म्याने खाली बसते, गिअर त्या तीन टक्क्यांनी जोरकस होतो, वळणातून बाहेर पडताना उठाव चांगला मिळतो. पण दुसऱ्या गिअरची मर्यादा पूर्वी १०० किलोमीटरवर येत असेल, तर आता ती ९७ च्या आसपास येईल. मार्गात एक लांब पट्टा असला, की शेवटच्या दोन सेकंदांसाठी तिसरा गिअर टाकावा लागेल, आणि वाचवलेला वेळ तिथेच जाईल. रुंदीचंही तसंच. रिम अरुंद आणि टायर रुंद असला, की बाजूची भिंत आत चिमटली जाते, वळणात टायर डुलतो आणि स्टिअरिंगला उशिरा प्रतिसाद मिळतो. स्ट्रीट वर्गात रिमची मूळ रुंदी बदलता येत नाही, त्यामुळे बसेल तेवढा रुंद टायर घेण्याचा मोह आवरावा.

तरीही रुंद टायर हवाहवासा का वाटतो, याचं कारण भारात आहे. चाकावरचा भार वाढला की टायरची पकड वाढते, पण भाराच्या प्रमाणात वाढत नाही, थोडी कमीच वाढते. १२०० किलोची गाडी घेऊ, प्रत्येक चाकावर ३०० किलो. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच आणि डाव्या-उजव्या चाकांत दीड मीटर अंतर. वळणात आडवा जोर एक जीच्या, म्हणजे गाडीच्या वजनाएवढ्या जोराच्या, आसपास गेला, की आतल्या दोन चाकांवरून बाहेरच्या दोन चाकांवर मिळून ४०० किलो भार सरकतो. मग पुढच्या जोडीत बाहेरच्या चाकावर ५००, आतल्यावर १००. आता समजण्यासाठी धरू, की ३०० किलोला घर्षणाचा गुणांक १, ५०० ला ०.९ आणि १०० ला १.१ आहे. आधी जोडीची पकड ६०० होती, आता ४५० आणि ११० मिळून ५६० झाली. गाडी तीच, टायर तेच, पण भार हलला म्हणून सात टक्के पकड गेली. ऑटोक्रॉसच्या गाडीची जुळणी करणारा माणूस त्या सात टक्क्यांच्या मागे असतो. रुंद टायर भार पसरवतो, गाडी खाली बसवली की कमी भार सरकतो, आणि अँटी-रोल बार, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांच्या सस्पेन्शनला जोडणारी दांडी, बदलला की तो भार पुढे जास्त सरकेल की मागे हे ठरवता येतं.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या हॅचबॅक गाडीत हे फार स्पष्ट दिसतं. तिचं ६० टक्क्यांहून जास्त वजन पुढे असतं. पुढच्या टायरांनीच वळायचं, त्यांनीच ओढायचं, ब्रेकचा मोठा वाटाही त्यांचाच. ते थकतात आणि गाडी नाक बाहेर टाकत सरळ जाऊ पाहते. म्हणून अशा गाडीला मागे जाड अँटी-रोल बार लावतात. भार सरकण्याचं ओझं मागच्या जोडीवर पडतं, पुढच्या जोडीला उसंत मिळते. अनुभवी चालकाची अशी गाडी वळणात मागचं आतलं चाक चक्क हवेत उचलून धावते. बघणाऱ्याला धडकी भरते, पण ते योग्य जुळणीचं लक्षण आहे. त्या चाकावर काम उरलेलंच नसतं.

यानंतर कॅम्बर. गाडीकडे समोरून पाहिलं असता चाक वरून आत झुकलेलं असेल, तर तो उणे कॅम्बर. वळणात गाडीचा सांगाडा बाहेर कलतो आणि चाकालाही बाहेर कलवतो. कारखान्यातून बहुतेक गाड्या शून्य ते उणे एक अंश कॅम्बर घेऊन येतात. सरळ रस्त्यावर टायर सारखा झिजावा म्हणून ते ठीक आहे. पण जोरदार वळणात हेच चाक बाहेरच्या खांद्यावर उभं राहतं, आणि १३० चौरस सेंटिमीटरांपैकी आतला बराच भाग जमिनीवर नावापुरताच उरतो. महागडा टायर घेऊन त्याचा निम्माच वापरायचा, असा हा प्रकार. मॅकफर्सन स्ट्रट असलेल्या गाड्यांना, म्हणजे बहुतेक छोट्या गाड्यांना, हा त्रास जास्त होतो, कारण सस्पेन्शन दबताना त्यांच्या चाकाला फारसा आतला झुकाव मिळत नाही. माझदा एमएक्स-५ सारख्या दुहेरी विशबोन सस्पेन्शनच्या गाडीत तो आपोआप बराच मिळतो, आणि ती ऑटोक्रॉसमध्ये एवढी प्रिय असण्याचं हेही एक कारण आहे. स्पर्धेसाठी पुढे उणे अडीच ते साडेतीन अंश कॅम्बर सामान्यपणे धरतात. वर्गाच्या नियमांत बसेल तेवढा घ्यावा. हातात पैसे थोडे असतील तर टायरांनंतरचा खर्च चांगल्या अलाइनमेंटवर करावा, सायलेन्सर आणि एअर फिल्टरवर नव्हे. या बाबतीत मी ठाम आहे.

टो, म्हणजे वरून पाहिलं असता चाकं पुढून आत किंवा बाहेर वळलेली असणं, त्याबद्दल थोडक्यात. पुढची चाकं समोरून किंचित बाहेरच्या दिशेने उघडी ठेवली, की गाडी स्टिअरिंगला पटकन वळते. मागची किंचित आत ठेवली की मागचा भाग शांत राहतो. फरक एक-दोन मिलिमीटरचाच असावा. रोजच्या रस्त्यावर टायर खाण्याचा दोष लोक कॅम्बरला देतात, पण खरं नुकसान बहुतेक वेळा चुकीच्या टोमुळे होतं, कारण मग चाक प्रत्येक किलोमीटर घासत चालतं.

आणि मग हवा. सगळ्या जुळणीत फुकट, मिनिटात बदलता येणारी आणि तरीही सर्वांत दुर्लक्षित गोष्ट. हवा कमी असली तर टायर वळणात बाजूच्या भिंतीवर लोळतो, जास्त असली तर नक्षीचा मधला भागच जमिनीला टेकतो. ड्रायव्हरच्या दाराजवळ चिकटवलेला आकडा आराम, इंधन आणि भार यांचा विचार करून दिलेला असतो, स्पर्धेचा नाही. मूळ कॅम्बरची, पुढच्या चाकांवर चालणारी गाडी आणि तिचेच साधे टायर असतील, तर पुढे त्या आकड्याहून पाच-सात पीएसआय जास्त ठेवून सुरुवात करावी. भिंतीवर छापलेली कमाल मर्यादा मात्र कधीही ओलांडू नये. कॅम्बर भरपूर आणि टायर २०० च्या जातीचे असतील, तर गरम अवस्थेत ३० च्या आसपास बऱ्याच गाड्या खूश असतात. हे आकडे सुरुवातीचे आहेत. उत्तर आपल्याच टायरवर लिहिलेलं असतं, आणि ते वाचायला खडू लागतो.

टायरच्या कडेला, जिथे नक्षी संपून बाजूची भिंत सुरू होते, तिथे बऱ्याच टायरांवर छोटे त्रिकोण कोरलेले असतात. फेरीआधी तिथे तीन जागी नक्षीपासून भिंतीपर्यंत खडूचा आडवा पट्टा ओढायचा. फेरी संपली की पाहायचं. खडू त्रिकोणाच्या टोकापर्यंत पुसला गेला असेल, तर हवा बरोबर. त्याच्याही पलीकडे भिंतीवर पुसला गेला, तर टायर लोळतोय, दोन पीएसआय वाढवा. नक्षीच्या कडेवरही खडू शिल्लक असेल तर दोन काढा. पुढचे आणि मागचे टायर वेगवेगळे पाहायचे. दर फेरीला वहीत वेळ, हवा आणि हवामान लिहायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाचा फायदा झाला हे कळणारच नाही.

हवेचा दाब तापमानाबरोबर चढतो. ३२ पीएसआय भरलेल्या टायराचं तापमान १० अंश सेल्सिअसने वाढलं, की दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो. सकाळी सात वाजता भरलेली हवा दुपारी बारा वाजता तीच राहत नाही. उन्हाच्या बाजूला उभ्या असलेल्या गाडीचे डावे आणि उजवे टायरही वेगळा दाब दाखवतात. म्हणून जाणते लोक प्रत्येक फेरीनंतर, टायर गरम असतानाच दाब मोजतात, उन्हातल्या टायरांवर कापड टाकतात, आणि नेहमी स्वतःचा एकच गेज वापरतात. पेट्रोल पंपावरचे दोन गेज एकमेकांशी जुळतील याची खात्री नसते. आपला गेज एक पीएसआय चुकत असला तरी चालेल, पण रोज तेवढाच चुकला पाहिजे.

अमेरिकेत एक गाडी दोघं चालवतात ही फार जुनी पद्धत आहे. नवरा-बायको, बाप-मुलगी, दोन मित्र. एकाची फेरी संपताच दुसरा बसतो. इथे अडचण नेमकी उलटी होते, टायर थंड व्हायलाच वेळ मिळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपर्यंत ए०५२ सारखा टायर तापून घसरू लागतो. मग दोन फेऱ्यांच्या मध्ये बागेतल्या फवारणीच्या पंपाने टायरांवर पाणी मारतात. पाण्याची वाफ होताना उष्णता जाते. तापमान मोजायला टोकदार सुईचा पायरोमीटर वापरतात. ती सुई रबरात किंचित खुपसून आतलं, मधलं आणि बाहेरचं अशी तीन तापमानं घेतात. बाहेरचा खांदा सर्वांत गरम असेल तर कॅम्बर कमी पडतोय, मधला भाग सर्वांत गरम असेल तर हवा जास्त आहे. मात्र फेरी छोटी, आणि शेवटची रेघ ओलांडून गाडी सावकाश जागेवर येईपर्यंत पृष्ठभाग गार होऊ लागलेला असतो. सर्किटवर या उपकरणावर जेवढा विश्वास ठेवता येतो तेवढा इथे ठेवू नये. खडू आणि झिजेचा रंग जास्त खरं सांगतात.

पाऊस आला की गणित फिरतं. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगू लागण्याचा वेग हवेच्या दाबाशी बांधलेला आहे, असं १९६० च्या दशकात नासाच्या संशोधकांनी विमानांच्या टायरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. त्यांच्या सूत्राने ३२ पीएसआयला हा वेग ताशी ९४ किलोमीटर येतो आणि ४० पीएसआयला १०५. मोटारीचा टायर रुंद आणि झिजलेला असेल, तर त्याहून आधीच तरंगतो. म्हणून खरोखर पाणी साचलं असेल तर दोन-चार पीएसआय वाढवणं शहाणपणाचं. नुसता रस्ता ओला असेल, तर लवकर ऊब धरणारं मऊ रबर आणि मोकळी नक्षी यांनाच जास्त महत्त्व येतं.

आपल्याकडची ऑटोक्रॉस बहुतेक मातीवर होते. भारतीय मोटार क्रीडा महासंघाच्या परवानगीने महाराष्ट्रातही अशा शर्यती भरतात, आणि तिथे वर लिहिलेल्यापैकी बरंच काही उलटं होतं. मातीच्या सैल थरावर चिकटून उपयोग नसतो, तो थर कापून खालच्या घट्ट जमिनीला धरावं लागतं. म्हणून खोल, मोकळ्या नक्षीचे आणि किंचित अरुंद टायर, मजबूत बाजूची भिंत, बेताची हवा. हवा फार उतरवली, तर आडव्या धक्क्यात टायर रिमवरून निसटतो. या जातीचे टायर आपल्या देशात उत्तम बनतात. एमआरएफच्या टायरांवर धावणाऱ्या संघाच्या एफ्रेन यारेना या स्पॅनिश चालकाने २०२२ साली युरोपियन रॅली अजिंक्यपद जिंकलं.

डांबरावरची, शंकूंची ऑटोक्रॉस पाहायची असेल, तर फॉर्म्युला भारतकडे वळावं. अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः गाडी बनवतात आणि कोइम्बतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवर ती उतरवतात. मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांचे संघही त्यात असतात. ऑटोक्रॉस हा त्या स्पर्धेतला एक स्वतंत्र प्रकार आहे. या गाड्या जेमतेम दोन-अडीचशे किलोच्या, त्यांची चाकं १० किंवा १३ इंची. एवढ्या हलक्या गाडीच्या वजनाने टायर तापतच नाही, त्यामुळे सर्वांत मऊ रबर निवडण्यावाचून गत्यंतर नसतं. चांगले संघ अमेरिकेतल्या बफेलो शहरातल्या चाचणी यंत्रावर मोजलेली टायरची माहिती विकत घेतात. किती भाराला, किती कॅम्बरला, किती दाबाला किती पकड, अशा तक्त्यांवरून ते आधी टायर ठरवतात आणि मग त्याच्याभोवती सस्पेन्शन आखतात. मला हा क्रम फार पटतो. टायर आधी, गाडी नंतर.

टायर घेताना त्याचं वय पाहायला विसरू नका. भिंतीवर डीओटी अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. रबर नुसतं ठेवलं तरी कडक होत जातं, आणि तापून थंड होण्याच्या प्रत्येक फेऱ्यात थोडं अधिक. भरपूर नक्षी शिल्लक असलेला चार वर्षांचा स्पर्धेचा टायर दिसायला नवा असतो, पण त्याची पकड गेलेली असते. शर्यतीचे टायर बनवणाऱ्या कंपन्या नव्या टायराला पहिल्यांदा हळूहळू तापवून नंतर दिवसभर विसावा द्यायला सांगतात, म्हणजे रबर एकसारखं बसतं आणि जास्त टिकतं. घासून गुळगुळीत झालेले टायर तर मैदानावर आणूच नयेत, तपासणीत ते परत पाठवतात.

पहिल्यांदा या खेळात उतरणाऱ्याने २०० चे टायर लगेच घेऊ नयेत. गाडीबरोबर आलेले साधे टायर घसरण्याच्या आधी बराच वेळ किंचाळून सूचना देतात आणि हळूहळू सुटतात. चिकट टायर उशिरा आणि एकदम सुटतात, शिवाय चालकाच्या चुका झाकतात. पहिला हंगाम आहे त्या टायरांवर, चांगला गेज आणि खडू घेऊन काढा. ते टायर मैदानावरच झिजवा, मग निवडीचा विचार करा. दिवस संपल्यावर परतीच्या हमरस्त्याला लागण्याआधी हवा दाराजवळच्या आकड्यावर परत आणा, चाकाचे नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळा, आणि घरी पोचल्यावर टायर गार झाले की दाब एकदा परत तपासा.